चावरा किंगस्नेक: भुकेचा चावा, भीतीचा चावा आणि रोजचा सहवास

काजळ हा माझा पाळलेला किंगस्नेक. माझ्याकडे आला तेव्हा करंगळीपेक्षा बारीक होता. काळ्या अंगावर पांढरे पट्टे, लांबी जेमतेम एक फूट. पहिले काही दिवस पेटीचं झाकण उघडलं की शेपूट थरथरवायचा, मान आखडून घ्यायचा, हवेतच झेप टाकायचा. ते समजण्यासारखं होतं. पण तीन महिन्यांनी, आता हा हातावर रुळला असं वाटत असताना, एका संध्याकाळी तो माझ्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या बेचक्याशी येऊन थांबला. पाच-सहा वेळा भराभर जीभ बाहेर काढली, नाक कातडीला टेकवलं, मान जराशी तिरपी केली आणि सावकाश तोंड उघडून ते बेचकं धरलं. मग चघळायला लागला. आधी उजवीकडचा जबडा पुढे, मग डावीकडचा. शेपूट शांत, फुसकारा नाही, कसलीही घाई नाही. तो जेवायला बसला होता.

चावऱ्या किंगस्नेकबरोबर राहायचं तर एक सवय आधी लावून घ्यावी लागते. साप चावला की तो भुकेने चावला की भीतीने, हे स्वतःला विचारायचं. दोन्हींवरचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. बुजलेल्या सापाला वेळ, आडोसा आणि संथ हालचाल लागते. भुकेल्या सापापुढे मात्र हात संथपणे घुटमळत ठेवला तर तो भक्ष्यासारखाच दिसतो. त्याला स्पष्टपणे कळवावं लागतं की आज जेवण नाही. 'चावरा आहे' म्हणून सगळ्याच चाव्यांना एकच औषध देणारे लोक महिनोन्‌महिने तिथेच अडकलेले मी पाहिले आहेत.

हा साप मुळात असा का

किंगस्नेक म्हणजे लॅम्प्रोपेल्टिस या वंशातले उत्तर अमेरिकेतले बिनविषारी साप. पाळण्यात सर्वाधिक दिसतो तो कॅलिफोर्निया किंगस्नेक. त्याखेरीज फ्लोरिडा, डेझर्ट, मेक्सिकन ब्लॅक हेही बरेच जण पाळतात. पूर्ण वाढलेला साप साधारण ३ ते ४ फुटांचा होतो आणि नीट सांभाळला तर १५-२० वर्षं सहज जगतो. म्हणजे स्वभाव समजून घ्यायला वेळ भरपूर आहे.

'किंग' हे नाव मिळालं ते तो इतर सापांना खातो म्हणून. रॅटलस्नेक, कॉपरहेड अशा विषारी सापांच्या विषाचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. रॅटलस्नेकला याचा नुसता वास आला तरी तो दंश करायला जात नाही. डोकं जमिनीलगत दडवतो आणि शरीराच्या मधल्या भागाची कमान उचलून तिनेच तडाखे देतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात किंगस्नेक आणि त्याच आकाराचे रॅटस्नेक यांच्या विळख्याचा दाब मोजला होता. किंगस्नेकचा दाब कितीतरी जास्त भरला. स्नायू मात्र दोघांचे जवळपास सारखेच होते. फरक होता वेटोळी घालण्याच्या पद्धतीत: किंगस्नेकचा विळखा स्प्रिंगसारखा एकसारखा आणि घट्ट बसतो.

आता याचा आपल्या हाताशी संबंध काय? साप, सरडे, उंदीर, पक्षी, अंडी, जे सापडेल ते हा प्राणी खातो. जो साप इतकं वेगवेगळं खातो तो समोरची प्रत्येक गोष्ट 'खाऊन बघू' म्हणूनच तपासतो. त्यात बऱ्याच अजगरांना आणि बोआंना असतात तशा उष्णता टिपणाऱ्या खाचा याच्या तोंडाशी नसतात. तो चालतो वासावर आणि हालचालीवर. हाताला उंदराचा वास, त्यात बोटांची हालचाल, एवढं त्याला पुरतं. म्हणून किंगस्नेक पाळणाऱ्यांमध्ये 'माझा शांत साप अचानक चावला' ही तक्रार इतकी ऐकू येते. अचानक काहीच झालेलं नसतं. आधीची दहा सेकंदं आपण बघितलेली नसतात.

ती दहा सेकंदं बघायला शिका

भीतीचा चावा येण्याआधी साप अंग चोरतो. मान इंग्रजी 'एस'सारखी मागे आखडते, शेपटीचं टोक थरथरतं आणि ती कागदावर किंवा भुशात असेल तर खरखर आवाज येतो. कधी फुसकारतो. झेप विजेसारखी असते, पण टोचून लगेच सुटतो. सोबत बहुधा शेपटीखालून उग्र दर्पाचा स्राव आणि विष्ठा सोडतो. हा वास हाताला तासभर राहतो.

भुकेचा चावा याच्या अगदी उलट. साप मागे जात नाही, पुढे येतो. पेटी उघडताच डोकं बाहेर, जिभेचा वेग वाढलेला, नजर तुमच्या हालचालीवर. धरलं की सोडत नाही, चघळतो, आणि बऱ्याचदा मनगटाला विळखाही घालतो.

तिसरा प्रकार काजळने मला शिकवला तो: हातावर निवांत फिरता फिरता घेतलेला चावा. हाही भुकेचाच, पण सुरुवात इतकी शांत असते की नवख्याला कळत नाही. लक्षात ठेवायची खूण म्हणजे थांबणं. वाहत्या पाण्यासारखा फिरणारा साप एका जागी थबकला, तिथेच जीभ लपलपवू लागला, नाक दाबू लागला आणि मान वाकडी केली, की पुढचं पाऊल तोंड उघडण्याचं आहे. बोटांमधली बेचकी, नखाच्या कडा, मनगटाची आतली बाजू या त्याच्या आवडत्या जागा. अशा वेळी हात हिसकायचा नाही. दुसऱ्या हाताने त्याचं धड हलकेच उचलायचं आणि त्याला पुढे चालतं करायचं. डोकं कातडीपासून सुटलं की त्याचा विचारही सुटतो.

महिनाभर एक वही ठेवा. तारीख, शेवटचं खाणं कधी, कातीची अवस्था, पेटी उघडल्यावर डोकं पुढे आलं की मागे गेलं, चावला का, सोडून दिलं की धरून ठेवलं. माझ्या वहीतल्या पहिल्या ११ चाव्यांपैकी ८ जेवणाच्या आदल्या दोन दिवसांतले निघाले. त्यानंतर हाताळण्याचे दिवस बदलले आणि निम्मा प्रश्न तिथेच मिटला.

पहिले पंधरा दिवस: काहीही करू नका

नवीन साप घरी आणला की पहिले ७ ते १० दिवस त्याला हात लावायचा नाही. पाणी बदलायचं, घाण उचलायची, झाकण लावायचं, एवढंच. सापाने ओळीने दोन जेवणं नीट खाल्ली की मग हाताळायला सुरुवात. हा टप्पा लोक सर्रास गाळतात, आणि मग तीच भीती काढायला सहा महिने घालवतात.

या काळात पेटी तपासा, कारण बुजरेपणाचं मूळ बरेचदा तिथेच असतं. लपायच्या जागा किमान दोन हव्यात, एक उबदार बाजूला आणि एक थंड बाजूला. नाहीतर सापाला ऊब आणि सुरक्षितता यांतलं एकच निवडावं लागतं. लपणी अरुंद असावी, इतकी की वेटोळं घातल्यावर अंग भिंतींना टेकेल. उबदार जागेचा पृष्ठभाग ३० ते ३२ अंश सेल्सिअस, थंड बाजू २४ अंशांच्या आसपास, आणि हीटरला थर्मोस्टॅट हवाच. थर्मोस्टॅटशिवाय लावलेल्या हीट मॅटने पोट भाजलेले साप चावतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. तळाला ३-४ इंच जाडीचा लाकडाचा भुसा घाला. त्यात बोगदे करून राहायला किंगस्नेकला मनापासून आवडतं. देवदाराचा भुसा मात्र कधीही वापरू नये, त्यातली तेलं सापाला बाधतात. पूर्ण वाढलेल्या सापाला ४ फूट लांब, २ फूट रुंद पेटी द्यावी. आणि झाकणाला कुलूप. फट सापडली की हा साप निसटणारच.

एका पेटीत एकच साप. नर-मादी असोत, भावंडं असोत, दुसऱ्या जातीचा असो. हा साप साप खातो.

हातात घेण्याची रीत

१. आधी हात धुवा, बिनवासाच्या साबणाने, कोपरापर्यंत. घरात हॅमस्टर, ससा, मांजर असेल तर कपडेही बदला. हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम.

२. पेटी उघडल्यावर थेट हात घालू नका. हुकने (साप उचलायच्या आकड्याने) किंवा कागदाच्या सुरळीने सापाच्या अंगाच्या मध्यावर हलकेच स्पर्श करा. डोकं फार पुढे येत असेल तर नाकालाही सुरळी टेकवून बाजूला सारा. ही त्याच्यासाठी खूण आहे: स्पर्श झाला म्हणजे जेवण नाही. जेवणाच्या दिवशी हा स्पर्श कधीच करायचा नाही. काजळला ही खूण कळायला जेमतेम पाच-सहा आठवडे लागले. आज सुरळी लागली की जिभेचा वेग कमी होतो आणि डोकं खाली येतं, ते डोळ्यांना दिसतं.

३. मग बाजूने हात न्या, वरून नाही. वरून येणारी सावली म्हणजे त्याच्यासाठी घार. धडाच्या मधोमध, शेवटच्या तिसऱ्या भागाच्या जरा पुढे, दोन्ही हातांनी आधार देऊन उचला. एकदा हात पुढे केला की मागे घेऊ नका. पुढे-मागे करणारा हात भुकेल्याला खुणावतो आणि भित्र्याला डिवचतो. मनातून भीती वाटत असेल तर पातळ हातमोजे घाला, त्यात कमीपणा नाही. थरथरणाऱ्या उघड्या हातापेक्षा मोजा घातलेला स्थिर हात सापाला बरा.

४. जमिनीवर बसून हाताळा, म्हणजे निसटला तरी पडून इजा होणार नाही. सापाला पकडून ठेवू नका, हातांची शिडी करा: एका हातावरून दुसऱ्यावर, सतत पुढे. चालता किंगस्नेक सहसा चावत नाही, थांबलेला चावतो. डोक्याच्या मागे धरण्याची पद्धत औषध देण्यासाठी ठेवा. रोज तसं धरलं तर साप हाताला कायमचा वचकतो.

५. सुरुवातीला ५ मिनिटं, आठवड्यातून दोन-तीनदा. साप ढिला पडला, जीभ संथ झाली की परत ठेवा. चावल्या चावल्या घाईने पेटीत टाकू नका. हात नको असला की चावायचं, हे तो शिकेल की नाही यावर जाणकारांत वाद आहेत. माझं मत असं की अर्धा-एक मिनिट थांबून, तो निवळल्यावर ठेवण्यात दोघांचंही नुकसान नाही.

जेवणानंतर ४८ तास हात लावायचा नाही, नाहीतर खाल्लेलं उलटून काढतो. तसं झालंच तर दहा-बारा दिवस पोटाला विश्रांती आणि मग आधीपेक्षा लहान भक्ष्य. डोळे दुधाळ, निळसर झाले असतील तर कात टाकेपर्यंत सुट्टी. त्या दिवसांत त्याला धड दिसत नाही आणि शांतातला शांत सापही झेप टाकतो.

खाऊ घालताना

भक्ष्य नेहमी मेलेलं, गोठवून मग पूर्ण वितळवलेलं. जिवंत उंदीर सापाचे डोळे फोडू शकतो. रात्रभर फ्रिजमध्ये वितळवा, मग पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवून अंगाइतकं कोमट करा. मायक्रोवेव्ह नको, आतून शिजतं आणि फुटतं. आकार सापाच्या सगळ्यात जाड भागाइतका. पिल्लांना ५ ते ७ दिवसांनी, मोठ्यांना १० ते १४ दिवसांनी.

चिमटा किमान एक फूट लांब घ्या. हाताने कधीच भरवू नका, एकदाही नाही. जुना सल्ला असा होता की जेवण वेगळ्या डब्यात द्यावं, म्हणजे पेटीत हात घातला तर साप चावणार नाही. मी वर्षभर ते करून पाहिलं. त्यात भुकेला साप हाताने उचलावा लागतो आणि जेवलेला, अजून पेटलेला साप परत हाताने ठेवावा लागतो. चाव्याची शक्यता दोनदा. पेटीतच भरवा आणि स्पर्शाची खूण पाळा, ते जास्त चालतं.

एका मोहाला बळी पडू नका. भुकेचा चावा म्हटलं की लोक जास्त खाऊ घालतात. पण किंगस्नेक पोट भरल्यावरही भुकेलाच वागतो, तो त्याचा स्वभाव आहे. जास्त खाण्याने चावणं कमी होत नाही, साप मात्र लठ्ठ होतो. शेपटीपाशी वळ्या दिसू लागल्या, वळताना खवल्यांमधली कातडी ताणलेली दिसू लागली, की खाणं कमी करा. पिल्लू खरोखर हाडकुळं असेल, पाठीचा कणा धारदार दिसत असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे जेवणं जवळ आणा.

चावलाच, आणि सोडत नाही

पहिलं काम: हात ओढू नका. सापाचे दात बारीक आणि घशाकडे वळलेले असतात. वरच्या जबड्यात चार ओळी, खालच्यात दोन. हात ओढला की कातडी फाटते आणि त्याचे दात मोडून जखमेत राहतात. त्याला नवे दात येतात, पण मोडलेल्या जागी तोंड चिघळू शकतं. न ओढलेला चावा म्हणजे लालसर ठिपक्यांची कमान आणि थोडं रक्त, मांजराच्या ओरखड्यापेक्षाही सौम्य.

हात स्थिर ठेवून एखाद्या टेबलावर टेकवा आणि मिनिटभर थांबा. बऱ्याचदा हे आपलं भक्ष्य नाही हे त्याच्या लक्षात येतं आणि तो स्वतःच सोडतो. नाही सोडलं तर हात नळाच्या थंड पाण्याच्या बारीक धारेखाली धरा, धार त्याच्या तोंडाच्या कडेवर येईल अशी. विळखा सोडवायचा असेल तर शेपटीकडून उलगडत या. डोक्याकडून ओढलं तर तो जास्त आवळतो. तोंडाशी अल्कोहोलचा थेंब लावल्यावर साप लगेच सोडतो हे खरं, पण त्याच्या तोंडाची आग होते. तो उपाय मी अगदी शेवटी ठेवते.

नंतर जखम साबणाने चांगली पाच मिनिटं धुवा, जंतुनाशक लावा, धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं आहे ना ते बघा. सूज, पू, ताप असं काही दिसलं तर डॉक्टर. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात, म्हणून चावला नाही तरी प्रत्येक वेळी हात धुवायचेच. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बायका, प्रतिकारशक्ती कमी झालेली माणसं यांनी सापापासून आणि त्याच्या पेटीपासून दूरच राहावं.

शांत साप एकाएकी बिथरला तर

इथे वही कामाला येते. वर्षानुवर्षं निवांत असलेला साप चावायला लागला तर आधी दुखणं शोधा. खवल्यांच्या कडेला, हनुवटीखाली, पाण्याच्या भांड्यात काळे ठिपके हलताना दिसले तर ते गोचिडासारखे माइट. डोळ्यावर जुन्या कातीची टोपी अडकली असेल तर दिसेनासं झालेलं असतं. तोंडाच्या कडेला चिकट स्राव, हिरड्या लाल, श्वासाला घरघर, पोटावर भाजल्याचा डाग, यांतलं काहीही दिसलं तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे जा. अडकलेली कात नखाने ओढू नका.

दुखणं नसेल तर ऋतू बघा. वसंतात वयात आलेले नर जेवण सोडून पेटीभर येरझाऱ्या घालतात. अंड्यावर आलेली मादी हात लावू देत नाही. थंडीची सुस्ती संपवून उठलेला साप वखवखलेला असतो. या तिन्हींवर उपाय एकच, काही आठवडे कमी हाताळणं.

जो माणसाळतच नाही, त्याचं काय

पिल्लं बहुतेक वर्ष-दीड वर्षात निवळतात. अंग मोठं झालं की जग तितकं भीतीदायक राहत नाही. काही साप मात्र तसेच राहतात. तीन फूट लांबीचा, नियमित खाणारा, निरोगी आणि तरीही हात लावला की थरथरणारा साप मी जवळून पाहिला आहे. त्याच्या मालकाने हाताळणं बंद केलं, पेटी मोठी केली, आत फांद्या, सालींचे थर आणि चार लपणी ठेवली. साप दिवसाउजेडी बाहेर येऊन फिरू लागला. साफसफाईच्या दिवशी त्याच्या आवडत्या लपण्यासकट त्याला उचलून दुसऱ्या डब्यात ठेवतात, त्यामुळे अंगाला हात लागतच नाही. मला हा मार्ग पूर्ण मान्य आहे.

सांभाळणं जमतच नसेल तर साप बाहेर सोडणं हा पर्याय नाही. स्पेनच्या ग्रान कनारिया बेटावर पाळलेल्या कॅलिफोर्निया किंगस्नेकांची संख्या मोकळ्यावर वाढली, आणि जिथे जिथे ते पसरले तिथे तिथले स्थानिक मोठे सरडे जवळजवळ नाहीसे झाले. त्या सरड्यांना सापाची ओळखच नव्हती. युरोपीय संघाने २०२२ साली किंगस्नेकचा समावेश उपद्रवी परकीय प्रजातींच्या यादीत केला तो याच कारणाने. म्हणून साप घेण्याआधी आपल्याकडचा कायदा बघा. आणि द्यायचाच झाला तर अनुभवी पाळणाऱ्याला किंवा सरपटणारे प्राणी सांभाळणाऱ्या संस्थेला द्या, चाव्यांबद्दल काहीही न लपवता. पेटी, हुक आणि लपणी यांच्यासोबत ती वहीही द्या. कधी खातो, कुठे थबकतो, सुरळी लागल्यावर डोकं खाली घेतो की नाही, हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी कळायला हवं.